फोन परत घेतला, पण अगदी जिवावर आल्यासारखा

इथे इंग्लंडात, स्लाउमध्ये आमचं मोबाइल कनेक्शन ज्या कंपनीचं आहे तिला दोन तारे, त्यातला एक परतीचं पार्सल न्यायला आलेल्या कुरिअरवाल्याचा. फोनवरची मुलगी इतकं गोड बोलली की ३६ महिन्यांच्या अपग्रेडला (हप्त्यांवर नवा फोन, नवा प्लॅन) मी हो म्हटलं. मग ईमेल निवांत वाचला. दर एप्रिलला हप्ता वाढणार! (वाढीचा आकडा टक्क्यांत नाही, सरळ पौंडात लिहिला होता, तेवढं खरं.)

रद्द करा म्हटलं तर, “मॅडम, आता करार झालाय.” अहो, फोनवर किंवा ऑनलाइन केलेला असा करार इथल्या २०१३ च्या ग्राहक नियमांप्रमाणे, फोन हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता मोडता येतो. दुकानात जाऊन सही केली असती तर हा हक्क नव्हता, सगळी दुकानाची मर्जी. एवढं ऐकवल्यावर बाई सुतासारख्या सरळ आल्या.

खोक्याचं सील तसंच होतं. रद्द करतेय असं ईमेलने लेखी कळवलं, पार्सलची पावती जपून ठेवली. जुना प्लॅन परत लावून घेताना मात्र नाकी नऊ आले. फोन त्यांच्याकडे पोचला तरी बिलात नवा हप्ता होताच! चॅटवर भांडून काढायला लावला.

यांच्याकडून अपग्रेड घ्यायचंच असेल तर घरबसल्या घ्या, दुकानात नको.