शेवाळ खाणारा म्हणून विकलेला मासा आणि त्यामागोमाग विकलेली औषधे

शांत स्वभावाचा आणि शेवाळ खाणारा म्हणून एक मासा मला विकण्यात आला आणि पुढे त्याच माशाने इतरांना केलेल्या जखमा म्हणजे रोग आहे असे सांगून त्याच विक्रेत्याने औषधेही माझ्याच गळ्यात मारली. कम्युनिटी टँक, म्हणजे निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेला टँक, सांभाळणाऱ्या इतर कोणाची अशी फसगत होऊ नये, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या टँकमध्ये एंजल, पर्ल गुरामी आणि तळाशी फिरणारे कोरीडोरास हे मासे एकमेकांना त्रास न देता राहत होते. झाडांच्या पानांवर शेवाळ वाढू लागल्याने मी नाव घेऊन सियामीज अल्गी ईटर हा शेवाळ खाणारा मासा मागितला. विक्रेत्याने जाळीने पकडून पिशवीत घातला तो चायनीज अल्गी ईटर, ज्याचे शास्त्रीय नाव जायरिनोकायलस आयमोनिएरी आहे. दोन्ही एकच, नावे तेवढी वेगळी, असे त्याने ठामपणे सांगितले आणि हा मासा बोटाएवढाच राहील, कोणाच्या वाटेला जाणार नाही, अशी खात्रीही दिली. यातले एकही विधान खरे नव्हते.

हे दोन मासे पिल्लू असताना वरवर सारखे दिसतात, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो. सियामीज अल्गी ईटरच्या अंगावरचा काळा पट्टा तोंडापासून निघून थेट शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जातो आणि त्याचे बाकीचे पर जवळजवळ पारदर्शक असतात. तो पानावर परांच्या आधाराने टेकून बसतो, काचेला चिकटून राहत नाही. चायनीज अल्गी ईटरचे तोंड मात्र खालच्या बाजूला, चकतीसारखे असते आणि तो काचेला घट्ट चिकटतो. तोंड असे गुंतलेले असतानाही त्याला श्वास घेता येतो, कारण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कडेला पाणी आत घेणारे वेगळे छिद्र असते. सोनेरी रंगाचा, गोल्डन अल्गी ईटर म्हणून विकला जाणारा मासाही याच जातीचा. हा मासा 25 सेंटिमीटरच्या पुढे वाढू शकतो. लहानपणी तो शेवाळ मन लावून खातो, पण वाढू लागला की शेवाळावरचे त्याचे लक्ष उडते, तो टँकमधला एखादा भाग आपला मानून तिथून इतरांना पिटाळतो आणि चपट्या अंगाच्या, संथ माशांच्या बाजूला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून खाऊ लागतो. एंजल, डिस्कस आणि गुरामी यांना याचा सर्वाधिक त्रास होतो.

माझ्याकडेही तेच घडले. एंजलच्या कुशीवर नाण्यासारखा गोल, फिकट डाग दिसू लागला. त्या जागेचे खवले विस्कटलेले होते, आणि तो पर मिटून हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ उभा राहू लागला. मी फोटो दाखवल्यावर विक्रेत्याने क्षणाचाही विचार न करता बुरशी असल्याचे सांगितले, मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचे निळे औषध दिले आणि ते मुख्य टँकमध्येच टाकायला लावले. टँकमध्ये आणखी कोणते मासे आहेत, हे त्याने विचारले नाही. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या, पाण्यातला विषारी अमोनिया संपवणाऱ्या उपयुक्त जीवाणूंना मारते, त्यामुळे अमोनिया वाढतो. आधीच जखमी असलेल्या माशांना त्या पाण्यात श्वास घेणेही जड झाले. त्यावर उपाय म्हणून त्याने आणखी एक औषध पुढे केले.

खरा प्रकार मला रात्री कळला. टँकचा दिवा बंद करून खोलीतल्या मंद उजेडात बसल्यावर अल्गी ईटर फिल्टरच्या नळीवरून सरकत आला आणि थेट एंजलच्या कुशीला, त्या डागाशीच चिकटला. एंजल झटका देऊन निसटला, पण थोड्याच वेळात हा पुन्हा त्याच्या मागे लागला.

म्हणून औषध आणण्यापूर्वी जखम नीट पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. बुरशी कापसाच्या तंतूंसारखी अंगातून बाहेर आलेली दिसते आणि व्हाइट स्पॉट या रोगाचे ठिपके मिठाच्या कणांसारखे अंगभर पसरतात. याउलट एकाच जागी खरवडल्यासारखा गोल डाग, अचानक फाटलेले पर आणि एखादाच मासा सतत कोपऱ्यात दबून असणे, ही बहुधा मारामारीची लक्षणे असतात. जखमेत पुढे बुरशी होऊ शकते, पण मारणारा मासा तिथेच असेपर्यंत कोणतेही औषध पुरे पडत नाही.

मी आधी अल्गी ईटरला वेगळे काढले. मारामारीवर इतरही उपाय असतात. टायगर बार्बसारख्या कळपातल्या माशांची संख्या वाढवली की त्यांची टोचाटोची बऱ्याच अंशी त्यांच्यातच राहते. दगड आणि लाकडे हलवून हद्दी मोडल्या, आडोसे वाढवले की काही माशांचा आक्रमकपणा उतरतो. परंतु हा उपद्रव निव्वळ हद्दीचा नव्हता, त्यामुळे त्याला कायमचे दूर करण्याला पर्याय नव्हता. त्यानंतर थोडेथोडे पाणी नियमित बदलत राहिल्यावर, कोणत्याही औषधाविना, एंजलच्या कुशीवरची जखम भरून आली. गुरामीपैकी एक मात्र वाचला नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

मासा परत घ्यावा म्हणून मी गेलो, तेव्हा तोच विक्रेता दुसऱ्या एका ग्राहकाला, हा मोठा झाला की चिकटतो, डिस्कसबरोबर ठेवू नका, असे समजावत होता. म्हणजे त्याला सर्व काही ठाऊक होते. मला मात्र त्याने तुमचे पाणीच खराब आहे असे सुनावले, बिलावर केवळ ‘अल्गी ईटर’ लिहिले असल्याने मागितला तोच मासा दिला असे सांगून हात वर केले, आणि नको असेल तर तलावात सोडून द्या, असा सल्ला दिला. बिलावर जातीचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, हे त्यामुळे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तलावात सोडण्याचा सल्ला तर कोणीही मानू नये. पाळीव मासा मोकळ्या पाण्यात गेला की तिथल्या माशांच्या खाद्यावर आणि जागेवर हक्क सांगतो, सोबत रोगही नेतो, आणि एकदा तिथे वाढू लागला की त्याला काढणे जवळजवळ अशक्य होते. मोठे, चपळ मासे बाळगणाऱ्या एका अनुभवी व्यक्तीने त्याचा स्वभाव ऐकून घेऊन तो आपल्या प्रशस्त टँकमध्ये ठेवायचे मान्य केले, आणि मी तो त्यांच्याकडे दिला.