सोसायटीचं आवार की बाहेरचं मैदान?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी एकटं खेळायला सोडायचं, तर पुण्यात बहुतेक घरं सोसायटीचं आवारच निवडतात. गेटवर वॉचमन, गॅलरीत आजी, त्यामुळे जिवाला घोर नाही. पण तिथे क्रिकेटला बंदी, हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, आणि मुलांचं जरा वाजलं की मोठी माणसं लगेच मध्ये पडतात.

मैदानावर कोणी मध्ये पडत नाही. बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग का, वन टप्पा आउट धरायचा का, लिंबूटिंबूला किती चान्स द्यायचे, हे सगळं मुलंच भांडून ठरवतात. गुडघा फुटला तर नळाखाली धुतात आणि पुन्हा फील्डिंगला उभी राहतात. हे शिकवणारा क्लास कुठे मिळत नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्याने तर २०१८ मध्ये कायद्यातच लिहिलं, की समज आलेल्या मुलाला एकटं शाळेत किंवा मैदानावर जाऊ देणं म्हणजे हेळसांड नव्हे.

आपल्याकडे खरी भीती वाहनांची. कर्वे रोडवर उलट्या दिशेने दुचाकी येते, फुटपाथवरही चढते. म्हणून रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायची सवय आधी लावायची. काही दिवस आपण दहा पावलं मागे चालायचं, मग मित्रांसोबत पाठवायचं. घरचा नंबर आणि १०९८ ही चाइल्डलाइन पाठ हवी.

सहा वर्षांपर्यंत आवार ठीक. त्यापुढे माझं मत मैदानालाच. अट एकच, दिवेलागणीच्या आत घरी.