चार फुटी ओव्हरफ्लो टाकी: आठ महिने, एक व्हॉल्व्ह आणि शांत झालेला हॉल

गेल्या शनिवारी मध्यरात्री लाइट गेली आणि पावणेतीनला परत आली. बाबा, म्हणजे माझे सासरे, हॉलमध्ये माशांच्या टाकीशेजारच्या दिवाणावर झोपतात. सकाळी चहा घेताना म्हणाले, "पंखा थांबला तेव्हा जाग आली. लाइट आल्यावर टाकी दोन मिनिटं गुडगुडली, मग गप्प झाली. लागली झोप परत." हे ऐकायला मी आठ महिने थांबले होते, म्हणून आज लिहायला बसले.

टाकी सगळीकडे मिळते तीच. चार बाय दीड बाय दीड, कोपऱ्यात काळा ओव्हरफ्लो बॉक्स, ज्यात वरच्या दातेरी कडेवरून टाकीचं पाणी पडतं, त्याच्या तळाला दोन भोकं, खाली कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी. दिवाळीत घेतली. काच आणि सिलिकॉनचं काम उत्तम, एक थेंब गळलेला नाही. हीटर, स्पंज सगळं खाली गेल्यामुळे वर नुसते मासे दिसतात. एंजलची जोडी मजेत आहे. तक्रार एकच, पण पहिले तीन महिने ती इतर सगळ्यावर भारी पडली. आवाज. दिवसा टीव्ही चालू असताना जाणवायचा नाही. रात्री अकरानंतर मात्र कोणीतरी पिंपातून बादलीत पाणी ओततंय आणि थांबतच नाहीये, असं वाटायचं.

दुकानात फोन केला तर "पाणी आहे ताई, आवाज येणारच." चौथ्या फोननंतर एक मुलगा आला आणि त्याने पाइपच्या तोंडात स्पंज कोंबला. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कणीक मळत होते, सहज मान वळवली तर पाणी वरच्या काचेच्या पट्टीला लागलेलं. स्पंज घाणीने भरला होता आणि खालचा पंप मात्र पाणी चढवतच होता. पिठाच्या हातानेच प्लग काढला. घरी कोणी नसतं तर पाणी हॉलभर झालं असतं. ओव्हरफ्लोच्या पाइपमध्ये स्पंज, कापूस, जाळी काहीही कोंबू नका, कोणी कितीही सांगो. त्यानंतर दुकानाने 6,500 रुपयांचं "सायलेंट किट" सुचवलं. त्यात काय आहे विचारलं तर धड उत्तर नाही. तिथेच ठरवलं की हे आपणच करायचं.

आवाजाचं मूळ पाण्यात नाही, पाण्याबरोबर पाइपात शिरणाऱ्या हवेत आहे. अर्धं पाणी, अर्धी हवा असा पाइप गुडगुडणारच. पाइप काठोकाठ पाण्याने भरून वाहिला तर सायफन होतो आणि त्याला आवाज नसतो. आधी मी दुर्सो पाइप करून पाहिला: वर टी, एका बाजूला खाली वळलेला एल्बो, डोक्यावर एंड कॅप आणि कॅपला हवेचं भोक. भोक लहान पडलं की दर मिनिटाला संडासाचा फ्लश ओढल्यासारखा आवाज, मोठं केलं की घळघळ. पंप निम्म्यावर आणला तेव्हा तो बराच शांत झाला. कमी प्रवाहावर समाधान असेल त्यांनी एवढ्यावरच थांबायला हरकत नाही. मला पूर्ण प्रवाह हवा होता.

मग तळाच्या दोन्ही भोकांतून पाणी खाली सोडायचं ठरवलं. एक इंची भोक मुख्य पाइपला, त्याचं तोंड बॉक्समध्ये पाण्याखाली पाच-सहा इंच. पाऊण इंची भोकातून आधी पंपाचं पाणी वर यायचं. तो आता दुसरा पाइप झाला, तोंड दातांच्या खाली दोन इंचांवर. पंपाची नळी मागच्या काठावरून आत घेतली. मुख्य पाइपला खाली कपाटात व्हॉल्व्ह. पूर्ण उघडा एक इंची सायफन पंपापेक्षा जास्त पाणी ओढतो, मग बॉक्स रिकामा होतो आणि हवा शिरते. व्हॉल्व्हने त्याला आवळून पंपाच्या बरोबरीला आणायचं, एवढाच खेळ.

आणि इथे माझा दीड महिना गेला, फक्त व्हॉल्व्हपायी. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून हळूहळू उघड-बंद होणारा) मागितला की पितळी काढून देतात. पितळेत तांबं असतं, गोगलगायी आणि कोळंबीला ते विष. प्लास्टिकमध्ये, म्हणजे यूपीव्हीसीमध्ये, सर्रास मिळतो तो बॉल व्हॉल्व्ह. त्याची दांडी पाव फेऱ्यात उघड-बंद होते, केसभर हलवली की बॉक्समधलं पाणी दोन इंच खाली-वर. मी रात्री टॉर्च तोंडात धरून कपाटात डोकं घालायचे, दांडीला बोटाने टिचकी मारायचे, उठून बॉक्स बघायचे, परत खाली. पाणी जागेवर थांबायचं, सकाळी सरकलेलं असायचं. तेव्हा मी ठामपणे म्हणत होते की प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मिळाल्याशिवाय यात पडू नका, बाहेरून मागवा, पैसे जाऊ देत.

आता ते मत बदललंय. माझी चूक अशी की सगळं पाणी मी एकट्या मुख्य पाइपातून न्यायला बघत होते. व्हॉल्व्ह किंचित जास्त आवळला आणि दुसऱ्या पाइपच्या ओठावरून करंगळीएवढी धार जाऊ दिली, तर पाणी तिथेच स्थिरावतं. प्रवाह थोडा वाढला तर धार जाड होते, कमी झाला तर बारीक, पातळी जेमतेम हलते. एवढी धार पाइपच्या भिंतीला चिकटून उतरते, आवाज नाही. शिवाय बॉक्स वरपर्यंत भरलेला असल्याने दातांवरून पडणाऱ्या पाण्याची उडीही संपली. साधा बॉल व्हॉल्व्ह पुरला. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड), सॉल्व्हंट मिळून 1,240 रुपये. सॉल्व्हंट फक्त काचेखालच्या जोडांना लावलं आणि पूर्ण दिवस वाळू दिलं. बॉक्समधले उभे पाइप नुसते दाबून बसवलेत, लागले की काढता येतात.

दोन गोष्टी चुकून शिकले. मुख्य पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात सहा इंच बुडालेलं होतं, त्यामुळे सुरू करताना हवा बाहेर पडेना आणि वीस मिनिटं गुडगुड चालायची. करवतीने कापून इंचभरच बुडेल असं केलं, आता दोन मिनिटांत हवा निघून जाते. दुसरं, लाइट गेली की पंपाची नळी उलटी ओढते. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेपाच लिटर. नळीचं तोंड सहा सेंटिमीटर खाली होतं, म्हणजे तेहेतीस लिटर सम्पमध्ये. पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली नळीला बारीक भोक पाडलं, तिथे हवा शिरून ओढ तुटते. सगळं झाल्यावर मुख्य व्हॉल्व्ह मुद्दाम पूर्ण बंद करून दहा मिनिटं उभी राहिले. दुसऱ्या पाइपने सगळं पाणी नेलं, खूप आवाज करत, पण नेलं. ही चाचणी केल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

दुकानावरचा राग गेलेला नाही. दोन भोकांची टाकी विकता, तर ती कशी वापरायची एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगा. टाकी आजही घ्यावी असंच म्हणेन, पण बसवण्याचे पैसे त्यांना देऊ नका.

व्हॉल्व्हच्या दांडीशेजारी मार्करने रेघ मारून ठेवली आहे. मागच्या महिन्यात रेघ जागेवर असूनही धार जाड झाली. युनियन सोडवलं तर व्हॉल्व्हच्या फटीत ट्रम्पेट स्नेल, म्हणजे छोटी गोगलगाय, अडकलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. काढून टाकीत सोडली, दांडी रेघेवर आणली, धार परत करंगळीएवढी.