नौपाड्यातील शब्दव्युत्पत्तीचा वर्ग: फळ्यावर सरस, पुस्तिकेत कच्चा

ठाण्यात गोखले रस्त्यालगत रविवारी सकाळी इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा जो खासगी वर्ग मराठीतून चालतो, त्यातील जोडशब्दांचा भाग मी नुकताच पूर्ण केला. ‘विंडो’ या एकाच शब्दाला तेथे अख्खा तास दिला जातो आणि तोच तास सर्वांत रंगतो.

आज एकसंध वाटणारा हा शब्द मुळात सामासिक आहे. शिक्षकांनी प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेतील ‘विंदर’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा ही दोन पदे फळ्यावर सुटी लिहिली आणि काच नसलेल्या, वारा व उजेड आत घेणाऱ्या झरोक्याला हे नाव कसे शोभते, ते उलगडून सांगितले. स्कँडिनेव्हियन वसाहतींमुळे इंग्लंडात रुजलेल्या या शब्दापुढे तेथील जुना शब्द, ज्याचा अर्थ ‘डोळ्याचे भोक’ असा होता, मागे पडला. मात्र त्यातील भोकाचा वाचक असलेले पद नाकपुडीच्या ‘नॉस्ट्रिल’मध्ये अजून टिकून आहे, आणि ‘थ्रिल’ही त्याच कुळातला. आपला ‘गवाक्ष’ म्हणजेही गाईबैलाचा डोळाच. त्यातील ‘अक्षि’ आणि इंग्रजी ‘आय’, तसेच ‘वातायना’तील ‘वात’ आणि ‘विंड’ यांचे मूळ एक असले, तरी हे समास आपापल्या भाषेत स्वतंत्रपणे घडले, हे शिक्षकांनी बजावून सांगितले. असा संयम या विषयात क्वचितच आढळतो.

‘लॉर्ड’ म्हणजे मुळात पावाचा राखणदार आणि ‘लेडी’ म्हणजे कणीक मळणारी, हे मात्र घाईघाईत उरकण्यात आले.

खरी तक्रार आहे ती सोबत मिळणाऱ्या छापील पुस्तिकेविषयी. आपले ‘कपाट’ इंग्रजी ‘कबर्ड’वरून आले, असे तीत बेधडक छापले आहे. वास्तविक ‘कबर्ड’ म्हणजे चौदाव्या शतकात पेले मांडून ठेवण्याची उघडी फळी होती, तर ‘कपाट’ हा दाराच्या फळीसाठी वापरला जाणारा जुना संस्कृत शब्द आहे. केदारनाथ मंदिराचे ‘कपाट उघडले’ अशी बातमी आपण दरवर्षी वाचतोच. विचारल्यावर शिक्षकांनी चूक मान्य केली, परंतु पुढच्या तुकडीलाही तीच पुस्तिका वाटण्यात आली. वर्गाचे शुल्क वाजवी आहे. पुस्तिकेचे पैसे वेगळे आकारले जातात, ते सध्या तरी भरू नयेत.