जर्मनीतील श्टुडीरेंडनवेर्कची सामाजिक सल्लासेवा : एक अभिप्राय

जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट असते, असे ऐकून आपल्याकडची मुले इकडे येतात. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. असे काही अपवाद सोडले तर ते खरेही आहे. मात्र दर सत्राच्या आरंभी आपण जी वर्गणी भरतो, तिचा एक भाग श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी-कल्याण संस्थेकडे जातो. मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळ आणि वसतिगृहे ही संस्था चालवते, हे सर्वांना दिसते. तिची विनामूल्य आणि गोपनीय सामाजिक सल्लासेवा मात्र बहुतेकांना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसते. हा अभिप्राय मुख्यतः त्या सेवेविषयी आहे.

मी पुण्याहून निघाले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटबरोबरच (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम ज्यात अडकवून ठेवतात त्या बँक खात्याबरोबरच) खाजगी आरोग्य विमाही घेण्याचा सल्ला मला मिळाला होता, आणि हप्ता कमी असल्यामुळे तो मला पटलाही होता. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी सहज म्हणून मी सल्लागार बाईंकडे गेले. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. पण खाजगी विम्यासाठी सार्वजनिक विम्याच्या बंधनातून एकदा सूट घेतली की शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती मागे घेता येत नाही, हे त्यांनी कागदावर लिहून शांतपणे समजावले. सार्वजनिक विम्याचा हप्ता जास्त आहे हेही त्यांनी लपवले नाही. दुसऱ्या वर्षी मला शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा त्या अर्ध्या तासाचे मोल कळले.

कामाच्या नियमांबाबतही त्यांचे मार्गदर्शन तितकेच नेमके होते. मार्च २०२४ पासून आपल्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि विद्यापीठातील साहाय्यकाचे, म्हणजे ‘हिवी’चे काम त्यात धरले जात नाही. तरीही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा ओलांडली, तर विद्यार्थी म्हणून असलेल्या विमा-सवलतीवर परिणाम होऊ शकतो. राहण्याच्या परवान्याचा नियम आणि विम्याचा नियम हे दोन वेगळे नियम आहेत, हे मला दुसऱ्या कोणीही सांगितले नव्हते.

जे मिळणार नाही तेही येथे स्पष्ट सांगतात, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते. बाफ्योग हे सरकारी अर्थसाहाय्य केवळ शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांना सहसा मिळत नाही. घरून पैसे येणे अचानक थांबले तर काही ठिकाणी श्टुडीरेंडनवेर्कमार्फत मदत किंवा कर्ज मिळते. पण कर्जासाठी बहुधा जामीनदार मागतात, आणि नव्या देशात तो मिळवणे किती अवघड असते हे मी एका मैत्रिणीच्या बाबतीत पाहिले आहे.

वसतिगृहांबाबत मात्र मला समाधानाने लिहिता येत नाही. आमच्या शहरातील संस्थेकडे, जिचे नाव मी येथे देत नाही, अर्ज करून मला तीन सत्रे थांबावे लागले आणि त्या काळात चौकशीच्या दोन पत्रांना उत्तरही आले नाही. खोली स्वस्त आणि नीटनेटकी मिळाली, हे खरे. पण तोपर्यंत खाजगी खोलीच्या भाड्यात माझी बरीच शिल्लक संपली होती. म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता, संस्था परवानगी देत असेल तर, वसतिगृहाचा अर्ज आधीच करावा.

मेन्साविषयी थोडक्यात : विद्यार्थी-दर परवडतो, शाकाहारी पदार्थ रोज असतात, मीठ-तिखटाची अपेक्षा ठेवू नये.

सल्लागारांची भेट प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच घ्यावी, कारण विम्याचा निर्णय तेव्हाच करावा लागतो. जाताना पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि विम्याची सर्व कागदपत्रे न्यावीत. जर्मन येत नसेल तर वेळ ठरवतानाच इंग्रजी बोलणारी व्यक्ती मागून घ्यावी. आमच्याकडे अशी एकच व्यक्ती होती, आणि ती फक्त मंगळवारी बसत असे.