स्टायलो: लेखकाआधी मुद्रितशोधक पकडणारे सॉफ्टवेअर

टोपणनावामागे कोण आहे, निनावी लेख कोणाचा, दोघांच्या नावावरच्या पुस्तकात कुठले प्रकरण कोणाच्या हातचे, हे प्रश्न आकड्यांनी तपासायचे तर स्टायलो हे हाताशी ठेवण्याजोगे साधन आहे. माचेय एडर, यान रिबिट्स्की आणि माइक केस्टेमाँट यांनी आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसाठी ते लिहिले. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि इंग्रजी किंवा पोलिश मजकुरावर फारशी मशागत न करता चालते. मराठीवर मात्र ते जसेच्या तसे चालवले, तर आलेखात सुरेख गट पडलेले दिसतात आणि बऱ्याचदा ते गट लेखकांचे नसून छापखान्यांचे असतात.

आत काय चालते ते आधी पाहू. ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन बरोज यांनी २००२ मध्ये मांडलेली 'डेल्टा' ही रीत याच्या मुळाशी आहे. तपासायच्या मजकुरांच्या संचातले सर्वाधिक वेळा येणारे शे-पाचशे शब्द घ्यायचे, प्रत्येक मजकुरात ते किती टक्के येतात ते काढायचे, प्रत्येक शब्दाची संचातली सरासरी आणि विचलन धरून ते आकडे एका मापावर आणायचे आणि दोन मजकुरांतल्या फरकांची सरासरी काढायची. सरासरी जितकी कमी तितके मजकूर जवळचे. 'आणि', 'पण', 'की', 'तर', 'मग' हे शब्द लिहिताना कोणी मोजून वापरत नाही, म्हणून सवय तिथे उघडी पडते. यातून एक गोष्ट ओघाने येते: माप संपूर्ण संचावर ठरत असल्याने फोल्डरमध्ये एक भलतीच फाइल राहिली तरी सगळी अंतरे बदलतात.

बसवायला दहा मिनिटे पुरतात. विंडोजवर आर ४.२ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्यावी. त्याआधीच्या आवृत्त्या तिथे युटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची रीत) नीट हाताळत नसत आणि देवनागरीच्या जागी कोनी कंसातले सांकेतिक आकडे दिसत. मॅकवर स्टायलोची पर्याय निवडण्याची खिडकी उघडण्यासाठी एक्सक्वार्ट्झ हे सॉफ्टवेअर वेगळे टाकावे लागते. मग 'कॉर्पस' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली ठेवायच्या. फाइलचे नाव आधी लेखक, मग अंडरस्कोर, मग कृती असे. अंडरस्कोरच्या आधीचा भाग पाहून स्टायलो रंग देते. नावे रोमन लिपीतच ठेवावीत, कारण आरच्या नेहमीच्या पीडीएफ आलेखात देवनागरी अक्षरे उमटत नाहीत.

आता खरी मेख. मजकूर शब्दांत तोडण्याचा नियम देवनागरीसाठी स्वतः लिहून द्यावा, आयत्या नियमावर विसंबू नये. मजकूर वाचून तोडणाऱ्या आज्ञेला हा नियम देता येतो, आणि तोडलेला संच मग मुख्य आज्ञेच्या हवाली करता येतो. नियमात युनिकोडचा देवनागरी पट्टा ०९०० पासून घ्यायचा, त्यातून दंड (०९६४, ०९६५) आणि अंक (०९६६ ते ०९६एफ) वगळायचे, आणि अक्षरे जोडणारी-तोडणारी दोन अदृश्य चिन्हे (२००सी, २००डी) आत धरायची. बिघाड ओळखायला सोपा आहे. प्रत्येक वेळी स्टायलो वारंवारितेनुसार शब्दयादीची फाइल लिहिते. ती उघडून पहिले पन्नास शब्द वाचावेत. 'आणि', 'तो', 'हे', 'होते', 'नाही' दिसले तर ठीक. 'म', 'त', 'न' अशी सुटी व्यंजने रांगेने दिसली, तर काना-मात्रांना अक्षर न मानता तोडणी झाली आहे.

ही चूक ढोबळ असल्याने लगेच दिसते. लपून राहते ती दुसरी. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप झालेला असतो: नव्या पद्धतीत ०९३१ हे अक्षर आणि हलन्त, जुन्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. नियमात जोडचिन्ह नसेल तर जुन्या पद्धतीचा शब्द मधोमध तुटतो आणि मागे उरतो 'या'. हा मराठीतला अत्यंत वारंवार येणारा शब्द. म्हणजे 'तऱ्या', 'पायऱ्या', 'करणाऱ्या' सगळे मिळून 'या'चा आकडा फुगवतात, आणि टंकलेखकाचा कीबोर्ड लेखकाची लकब म्हणून आलेखात चढतो. 'ॲ'चेही तसेच. एकसंध ०९७२ आणि अ-वर-चंद्र हे दोन्ही प्रकार सापडतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. ही दोन्ही बदलाबदल शोधा-बदला करूनच उरकावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो हे वेगळे सांगायला नको, पण रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी जागेवर आहेत का ते डोळ्यांनी पाहावे.

यापुढचा अडथळा भाषेच्या इतिहासाचा आहे. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'तें', 'हें', 'कीं', 'मीं', 'घरांत' असे आहे, नंतरच्या आवृत्तीत नाही. नेमके हेच शब्द डेल्टाच्या यादीत सर्वांत वर असतात. त्यामुळे एकाच लेखकाची १९३० ची मूळ आवृत्ती आणि १९८० चे पुनर्मुद्रण दोन टोकांना जाते, आणि दोन परके लेखक एका प्रकाशनवर्षामुळे शेजारी बसतात. सगळे अनुस्वार सरसकट पुसणे हा उपाय नव्हे, 'अंग' आणि 'अग' एक होतील. वरच्या तीनशे शब्दांचे जुने-नवे जोडकोष्टक करून तेवढे बदलावेत. बदल एकाच दिशेने, जुन्याकडून नव्याकडे. कारण 'तें' (नपुंसकलिंगी एकवचन) आणि 'ते' (पुल्लिंगी अनेकवचन) नव्या लेखनात एकरूप झाले आहेत, उलट वाट उरलेली नाही. हे करूनही मुद्रितशोधकाचा हात पूर्ण निघत नाही. 'व'चे 'आणि' किंवा 'नि'चे 'आणि' करणारे संपादक मराठीत कमी नाहीत, आणि हे तिन्ही शब्द मोजणीत असतात. शक्य तिथे मूळ नियतकालिकातला पाठ घ्यावा.

शब्द मोजावेत की अक्षरसाखळ्या, म्हणजे लागोपाठच्या अक्षरखुणांचे ठरावीक लांबीचे तुकडे? इंग्रजीत विभक्तीचे काम करणारे शब्द सुटे असतात. मराठीत '-च्या', '-साठी', '-मध्ये', '-च', '-ही' शब्दाला चिकटून येतात आणि सुट्या शब्दांच्या यादीत निसटतात. म्हणून दोन्ही मापे चालवावीत. अक्षरसाखळी घेताना एक ध्यानात ठेवावे: स्टायलोच्या लेखी मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक वेगळी खूण. चारची साखळी म्हणजे जेमतेम दोन अक्षरे. मराठीसाठी पाच-सहाची साखळी समंजस वाटते. शब्द आणि साखळ्या यांची उत्तरे जुळली नाहीत तर निष्कर्ष काढू नये, एवढे साधे.

खिडकीत भाषा 'अदर' निवडावी. सर्वनामे वगळण्याची सोय मराठीला लागू होत नाही, कारण तिची सर्वनामांची यादीच आत नाही. 'कलिंग' हा आकडा मात्र कामाचा: २० दिला तर निदान २० टक्के मजकुरांत आलेलेच शब्द राहतात आणि पात्रांची नावे आपोआप गळतात. अंतरासाठी कोसाइन डेल्टा (डेल्टाचाच एक सुधारित प्रकार) घ्यावे, मूळ डेल्टापेक्षा ते अनेक चाचण्यांत सरस ठरले आहे. एकाच झाडालेखावर (जवळचे मजकूर एका फांदीवर दाखवणाऱ्या आलेखावर) थांबू नये. १०० ते १००० शब्द, १०० च्या टप्प्याने, असे देऊन त्या सगळ्या झाडांत टिकणाऱ्या जवळिकींचा एकमत-वृक्ष काढावा. एकच आलेख हवा तसा येईपर्यंत आकडे फिरवत बसणे हा या क्षेत्रातला जुना मोह आहे आणि स्टायलो त्याला फार सोपे करून ठेवते. ही तक्रारच समजा.

मजकूर किती हवा? एडर यांच्या २०१५ च्या तपासणीत गद्याला साधारण ५००० शब्दांखाली भरवसा ढासळतो असे दिसले. ती तपासणी मराठीवरची नव्हे, तेव्हा तो आकडा किमान मानावा. सात-आठशे शब्दांचे एकटे सदर, पत्र किंवा अग्रलेख घेऊन बसू नये. एका लेखकाचे छोटे लेख जोडून एक फाइल करता येते.

मराठीत कसोटीला उत्तम माणूस म्हणजे राम गणेश गडकरी. नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून, विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून. १९१९ मध्ये निधन, त्यामुळे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त, आणि उत्तर आधीच ठाऊक. कविता बाजूला ठेवावी. वृत्त आणि यमक शब्दांची निवडच बदलतात, पद्याची पद्याशीच तुलना करावी. बाळकरामांचे लेख आणि गडकऱ्यांची नाटके एका संचात टाकून, जोडीला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे विनोदी लेख आणि नाटके घालावीत. साहित्यप्रकार लेखकापेक्षा जोरात ओढतो का, ते इथे थेट दिसेल: नाटके एकीकडे आणि विनोद दुसरीकडे गेला, तर तुमची मांडणी अजून प्रकार मोजते आहे. नाटकातली पात्रनावे आणि रंगसूचना आधी काढायला विसरू नये. ही कसोटी पार न झालेली मांडणी अनोळखी मजकुरावर लावण्यात अर्थ नाही.

झाडालेख 'या सगळ्यांत जवळचा कोण' एवढेच सांगतो. खरा लेखक संचातच नसेल तरी कोणीतरी जवळचा निघणारच. यासाठी 'इम्पोस्टर्स' ही आज्ञा वापरावी. ती शब्दांचे यादृच्छिक गट घेऊन पुन्हा पुन्हा विचारते की वादग्रस्त मजकूर संशयिताच्या जवळ आहे की तोतये म्हणून मुद्दाम घातलेल्या इतर लेखकांच्या, आणि ० ते १ मधला गुण देते. मधला संदिग्ध पट्टा कुठला ते तिची जोडआज्ञा तुमच्याच संचावरून ठरवते. गुण त्या पट्ट्यात पडला तर 'ठरत नाही' असे लिहावे. तोतये त्याच काळातले, त्याच प्रकारचे हवेत. आजचे ब्लॉगलेखक घालून १९२० चा निबंध तपासला तर कोणीही संशयित दोषी ठरेल.

काही प्रश्न या साधनाकडे नेऊच नयेत. संशोधन निबंधात कल्पना कोणाची आणि प्रयोग कोणी केले हे वाक्यांवरून कळत नाही. कळलेच तर शेवटचा खर्डा कोणी लिहिला ते. त्यासाठी संशोधनात कोणी काय केले ते नोंदवणारी १४ भूमिकांची क्रेडिट वर्गवारी आहे, ती निबंध पाठवतानाच भरावी. अनुवादातही जपून: रिबिट्स्की यांच्याच कामात अनुवाद बहुधा मूळ लेखकानुसार गटात पडले, अनुवादकानुसार नाही. आणि 'ज्ञानेश्वर एक की दोन', म्हणजे ज्ञानेश्वरी आणि अभंग एकाच कवीचे की दोघांचे, हा वाद स्टायलोने मिटवू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ज्ञानेश्वरीची एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली आहे, तर अभंग वेगळ्या हातांनी, वेगळ्या वह्यांतून आले. मोजणीत त्या पाठांमधले अंतर येईल. ते कवींमधले आहे असे म्हणायला वेगळा पुरावा लागेल.

शेवटची कुरकुर लहान, पण महागात पडणारी. शब्दयादी आणि सेटिंगची फाइल प्रत्येक वेळी आधीच्या फाइलवरच लिहिली जाते, म्हणजे जुनी पुसली जाते. निकाल जपण्याजोगा आला की खिडकी पुन्हा उघडण्याआधी दोन्ही फाइली नाव बदलून बाजूला ठेवाव्यात.