कर्णाश्मांसाठी घेतलेला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक: भिंगे चांगली, दिवा निरुपयोगी

आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाने नागपुरातील एका विक्रेत्याकडून ७ ते ४५ पट वर्धनाचा आणि कॅमेरा जोडता येणारा स्टिरिओ झूम सूक्ष्मदर्शक घेतला. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी भूशास्त्रज्ञ हिस्लॉप यांच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या, नागपूरच्या टाकळीच्या थरांतील जीवाश्म शंख पाहण्यासाठी तो निःशंकपणे पुरेसा आहे. हा अभिप्राय मात्र त्याहून अवघड कामापुरता आहे. केरळमधील क्विलॉन थर सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे असून त्यांच्या चाळलेल्या गाळात गोबी माशांचे कर्णाश्म, म्हणजे कानातले बारीक खडे, मिळतात. त्यांवरून नामशेष जाती ओळखण्यासाठी हे उपकरण कितपत उपयोगी पडते, एवढेच येथे पाहायचे आहे.

गोबी म्हणजे कोकणातल्या निवटीच्या गोतातले मासे. त्यांचा नाजूक सांगाडा क्वचितच अखंड टिकतो. आतील कानातला, कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजाचा म्हणजेच अ‍ॅरॅगोनाइटचा खडा मात्र गाळात टिकून राहतो आणि कितीतरी नामशेष जातींची ओळख केवळ त्याच्यावरच उभी आहे. माशाच्या कानांत अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. त्यांपैकी ओळखीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा सॅजिटा लहान गोबींमध्ये जेमतेम १ ते २ मिलिमीटरचा भरतो. चौकोनाकडे झुकणारी बाह्यरेषा आणि आतल्या पृष्ठाच्या मध्यावर बुटाच्या तळव्यासारखी, कडेपर्यंत न पोहोचणारी खोबण दिसली, की कूळ बहुधा कळते. जातीपर्यंत पोहोचायचे तर खोबणीचा कल, तिच्या मागच्या भागाखालचा अगदी बारीक उंचवटा, मागच्या वरच्या कोपऱ्याचे टोक आणि लांबी-उंचीचे गुणोत्तर पाहावे लागते.

त्या उंचवट्यापाशीच उपकरणाची खरी परीक्षा होते. सोबत आलेला एलईडीचा वर्तुळाकार दिवा चहूबाजूंनी सारखाच प्रकाश टाकतो, त्यामुळे सावली पडत नाही, खोबण सपाट दिसते आणि उंचवटा तर दिसतच नाही. तो दिवा बंद करून लवचीक मानेचा साधा दिवा डावीकडून, वरच्या कोपऱ्यातून तिरपा लावला, तेव्हा त्याच भिंगांतून खोबणीची खालची कडसुद्धा स्वच्छ दिसली. विक्रेत्याने प्रात्यक्षिक चलनी नोटेवर दाखवले होते, आणि नोटेवर कोणताही सूक्ष्मदर्शक उत्तमच ठरतो.

पांढऱ्या खड्यासाठी तबकडीची काळी बाजू वापरावी. ती सोबत मिळते. ४५ पटीला एका वेळी स्पष्ट दिसणारा थर फार पातळ असल्याने बाकदार पृष्ठाची छायाचित्रे वेगवेगळ्या खोलीवर घेऊन जोडावी लागतात, आणि कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही. मोजमापाची सोय आहे, परंतु प्रत्येक वर्धनाला मोजपट्टीच्या काचेने ती जुळवून घ्यावी लागते. तसे न करता घेतलेली लांबी ग्राह्य धरता येणार नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. कूलर सुरू असताना मेज थरथरते आणि मोठ्या वर्धनाची प्रतिमा हलते; वाऱ्याच्या झोताने खडा उडून जातो ते वेगळेच. ओल्या बारीक कुंचल्याने तो उचलावा. खडकातून इतर जीवाश्म मोकळे करण्यासाठी आम्ल वापरण्याची सवय असलेल्यांनी येथे मात्र हात आवरावा, कारण आम्लात कर्णाश्मच विरघळतो.

उपकरणाच्या आवाक्याबाहेरचेही बरेच काही आहे. पिल्लांच्या कर्णाश्मांत जातीच्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात आणि झिजलेल्या नमुन्यांत त्या पुसलेल्या असतात. असे खडे कुळाच्या नावानिशी बाजूला ठेवणेच योग्य. आजच्या गोबींचे तुलनेसाठीचे कर्णाश्म हाताशी नसतील, तर याहून महागडा सूक्ष्मदर्शक घेऊनही फारसे साधणार नाही.

भिंगांना पाचपैकी चार गुण द्यावेत, दिव्याला एक. दुसऱ्या नगाच्या मागणीत आम्ही वर्तुळाकार दिवा वगळून त्याऐवजी लवचीक मानेचे दोन दिवे मागितले आहेत. विक्रेत्याचा होकार अद्याप आलेला नाही.